उजव्या सीटवरचा माणूस



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत मी वैमानिकांवर बोलणार, हे कळल्यावर संयोजकांपैकी एकांचा मला फोन आला. म्हणाले, ‘वकीलसाहेब, पॉवरलूम आहे, ऊसतोड आहे, अंगणवाडी आहे. लाखांत पगार घेणाऱ्यांची कसली आलीय युनियन?’ शंका रास्त आहे. पण मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे, तो लाखांत पगार घेणारा नव्हे. शिकवणीच्या छोट्या विमानात डाव्या सीटवर शिकणारा बसतो आणि उजव्या सीटवर शिकवणारा. आजचा विषय त्या उजव्या सीटवरच्या माणसाच्या नोकरीचा आहे.

आणि हा विषय धुळ्यात नाही काढायचा तर कुठे काढायचा? खान्देशात आज विमान शिकायच्या तीन जागा आहेत. एक आपली गोंदूरची धावपट्टी. मुंबईचा ‘बॉम्बे फ्लाइंग क्लब’ हा १९२८ सालचा, जुहूचा. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच क्लबात शिकून. जुहूच्या आकाशात दाटी झाली, तसा त्या क्लबाने आपला उड्डाणांचा सराव गोंदूरला आणला. दुसरी जागा शिरपूरजवळ तांड्याची. तिथे शिक्षणसंस्थेने स्वतःची धावपट्टी बांधून विमानविद्येची अकादमी काढली. तिसरी जळगावची, कुसुंब्याजवळची. या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटील यांनी राष्ट्रपती असताना केले. प्रवासी विमाने येत राहिली, बंद पडत राहिली. २०२१ मध्ये मात्र विमानतळ प्राधिकरणाने देशातल्या पाच विमानतळांवर नऊ उड्डाणशाळांना जागा दिल्या. बेळगाव, जळगाव, कलबुर्गी आणि खजुराहो इथे प्रत्येकी दोन, आसामात लीलाबारीला एक. शाळांनी जागा घ्याव्यात म्हणून उत्पन्नातला हिस्सा माफ केला, भाडे उतरवले. धोरण चांगलेच होते. नाहीतर आपली पोरे शिकायला अमेरिकेत नाहीतर दक्षिण आफ्रिकेत जातात आणि पैसा बाहेर जातो.

जमिनीचे भाडे किती, रॉयल्टी घ्यायची की नाही, हँगर कुठे, हे सगळे त्या धोरणात होते. त्या हँगरमध्ये कामाला येणाऱ्या माणसाला कोणत्या अटींवर ठेवायचे, हे कुठेच नव्हते.

मागणीचा अंदाज यावा म्हणून दोन आकडे सांगतो. २०२३ या एका वर्षात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, १,६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. तोवरचा तो विक्रम होता. आणि सरकार म्हणते, येत्या पंधरा-वीस वर्षांत देशाला ३०,००० वैमानिक लागतील. परवान्यासाठी किमान २०० तास उडावे लागते, त्यातले १०० तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. पहिला एकट्याचा फेरा कधी मारायचा, रात्रीचे उतरणे जमले की नाही, ढगात नुसत्या उपकरणांवर भिस्त ठेवता येते की नाही, हे सगळे ठरवतो शिकवणारा. परवान्यापर्यंतचा खर्च ५० लाखांच्या आसपास जातो. रावेर-यावलचा केळीवाला बाप त्यासाठी शेत गहाण टाकतो, नोकरदार बाप घर. बाप फी भरतो शाळेला. मुलगा मात्र ज्याच्या हवाली होतो, त्याचे नावही त्या बापाला बहुधा माहीत नसते.

शिकवणारे दोन तऱ्हेचे असतात. एक जुने, केस पांढरे झालेले. कुणी हवाई दलातून आलेले, कुणी एअरलाइनच्या वाटेला न गेलेले, कुणी वयामुळे तिथून बाहेर पडलेले. अशी माणसे प्रत्येक शाळेत एक-दोनच असतात, आणि शाळेचा परवाना त्यांच्या नावावर टिकलेला असतो. दुसरे तरुण. परवाना मिळाला आहे, एअरलाइनची नोकरी मिळालेली नाही, कर्जाचा हप्ता सुरू झाला आहे. मग आणखी पैसे भरून सहायक प्रशिक्षकाचे रेटिंग घ्यायचे आणि शिकवता शिकवता लॉगबुकातले तास वाढवायचे. रोजचे बहुतेक शिकवणे याच तरुण सहायकांच्या अंगावर पडते.

मे महिन्यातला त्यांचा एक दिवस सांगतो. धुळ्याचा मे तुम्हाला मी सांगायला नको. पारा ४३-४४ला टेकला की हवा विरळ होते. विरळ हवेत पंख्याला पकड कमी, पंखाला उचल कमी, इंजिनाचा दम कमी. धावपट्टी लांब लागते आणि विमान रखडत वर चढते. म्हणून उड्डाणे पहाटे आणि संध्याकाळी. माणूस पाचला हजर. टाकीच्या तळाशी पाणी साचले नाही ना, हे बघायला नळीत थोडे इंधन काढून उजेडात धरायचे, तेलाची पट्टी बघायची, टायर बघायचे, हवामानाचा कागद वाचायचा, विद्यार्थ्याला आजचा धडा जमिनीवर समजावायचा, नोंदवहीत सही करायची. मग एक तास उड्डाण. उतरल्यावर चुका समजावून सांगायच्या, पुन्हा सही. असे तीन-चार विद्यार्थी. दुपारी कपडे घामाने चिकटलेले, आणि संध्याकाळच्या पाळीसाठी तिथेच थांबायचे.

आता पैशाचे बघा. पुष्कळ ठिकाणी पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासावर असतो. विमानात हॉब्ज मीटर नावाचे छोटे घड्याळ असते. इंजिन चालू असते तेवढाच वेळ ते मोजते. पाचला आलेला माणूस रात्री आठला जातो आणि घड्याळ सांगते, चार तास. इंधनाची नळी, पट्टी, समजावणे, सही हे सगळे फुकट. पावसाळ्यात ढग डोंगरावर टेकले की दिवसच्या दिवस विमान हँगरबाहेर निघत नाही आणि घड्याळ शून्यावर. विमान दुरुस्तीला गेले, तरी शून्य. म्हणजे हवामानाची आणि यंत्राची जोखीम मालकाची असायला हवी, ती नोकराच्या खिशातून जाते. याहूनही वाईट गोष्ट वेगळीच आहे. वारा सुटलेला असताना, विद्यार्थी थकलेला असताना ‘आज नको’ म्हणायचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याचे जेवण त्या दिवशी ‘हो’ म्हणण्यावर आहे.

एक करार माझ्या टेबलावर आला होता. शाळेचे नाव सांगणार नाही, ती आपल्या दोन्ही जिल्ह्यांतली नव्हे, राज्यातलीही नव्हे. एक तरुण प्रशिक्षक तो घेऊन आला होता, मामाचे गाव पारोळ्याकडचे म्हणून माझ्यापर्यंत पोहोचला. सात पानांचा करार. पहिल्या पानावर लिहिले होते की हा माणूस कर्मचारी नसून ‘सल्लागार’ आहे. म्हणून पीएफ नाही, रजा नाही, आणि व्यावसायिक फी म्हणून १० टक्के टीडीएस. तिसऱ्या पानावर याच सल्लागाराने सकाळी किती वाजता यायचे, कोणता गणवेश घालायचा, गावाबाहेर जायचे तर कुणाची परवानगी काढायची, हे लिहिले होते. पाचव्या पानावर चोवीस महिन्यांचे बंधन, आणि मोडले तर दहा लाख. मालकाला मात्र वाटेल तेव्हा, कारण न सांगता, त्याच दिवशी करार संपवता येईल. शेवटच्या पानावर ‘सुरक्षेसाठी जमा’ अशी यादी होती. दहावी, बारावीच्या मूळ गुणपत्रिका, रेटिंगची मूळ कागदपत्रे, सही केलेले दोन कोरे धनादेश. मी त्याला विचारले, दहा लाखांचा हिशेब काय? तुझ्यावर त्यांनी दहा लाख कशात खर्च केले? तो म्हणाला, ‘सर, रेटिंगचे पैसे तर मीच भरलेत.’

सालदारकी आपल्याकडे अजून संपलेली नाही, म्हणून सांगायला सोपे जाते. आखाजीला साल ठरते, उचल घेतली जाते, आणि उचल फिटेपर्यंत सालदार दुसऱ्याच्या बांधावर जाऊ शकत नाही. शहाद्याला १९७२ च्या सुमारास अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना उभी राहिली ती भूमिहीन आदिवासींच्या जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नावर, आणि त्यात सालदारांचे दुखणे मोठे होते. पण सालदाराच्या हाती निदान उचल तरी पडते. या करारात उचल न घेताच माणूस बांधलेला आहे.

आता मालकांची बाजू. ती नाही मांडली तर मी एकतर्फी ठरेन, आणि ती बाजू खोटीही नाही. शाळा एखाद्याला खरोखर स्वतःच्या पैशाने प्रशिक्षक करते, आणि सहा महिन्यांत एअरलाइनने हाक मारली की तो निघून जातो. मागे दहा विद्यार्थी अर्ध्यात लोंबकळत राहतात, त्यांचे हप्ते चालू असतात. कायद्यानेही बंधपत्र सरसकट अवैध नाही. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला गोलिकरी नावाचा पाळी-पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार मध्येच मोडून कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये मालकाच्या बाजूने निकाल दिला. आणि २०२५ च्या मे महिन्यात विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट न्यायालयाने वैध मानली. तेव्हा बंधपत्र दाखवले की ‘वेठबिगारी’ म्हणून ओरडून चालत नाही. रक्कम खर्चाशी जुळते का, महिन्यागणिक ती कमी होते का, आणि दोन्ही बाजूंना सारखे बंधन आहे का, हे तपासावे लागते. प्रत्यक्ष खर्चाचा हिशेब जोडलेले आणि दर महिन्याला उतरणारे बंधपत्र माझ्यासमोर आले, तर मी अशिलाला सही कर म्हणेन. मूळ गुणपत्रिका आणि कोरे धनादेश ही मात्र दुसरी गोष्ट आहे. त्यांचा खर्चाशी काहीही संबंध नसतो. धाकासाठीच घेतलेले असतात ते.

मग दाद कुठे मागायची? इथे आमच्या धंद्याची खरी गंमत सुरू होते.

महाराष्ट्राने १९७१ मध्ये एक कायदा केला, जो इतर राज्यांच्या कितीतरी आधीचा होता. कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याचा कायदा. १९७५ मध्ये तो अमलात आला. त्याच्या चौथ्या अनुसूचीत मालकाच्या अनुचित प्रथा मोजून दिल्या आहेत. सूडबुद्धीने काढून टाकणे, वर्षानुवर्षे बदली-हंगामी म्हणून राबवून कायमपणाच्या हक्कांपासून दूर ठेवणे, झालेला करार न पाळणे. केंद्राने औद्योगिक विवाद कायद्यात अशी यादी घातली ती पुढे १९८२ च्या दुरुस्तीने. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या, नाशिक-जळगावच्या कामगाराला जे हत्यार मिळाले, ते बिहारच्या कामगाराला बरीच वर्षे नव्हते. चौथ्या अनुसूचीची तक्रार एकटा कामगारही करू शकतो, युनियन असलीच पाहिजे असे नाही.

पण दारातच दोन अडथळे आहेत. पहिला ‘सल्लागार’ या शिक्क्याचा. कल्याणी स्टील्सच्या उपाहारगृहातल्या कामगारांच्या खटल्यात आणि पाठोपाठ सिप्लाच्या खटल्यात, दोन्ही २००१ सालचे, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की मालक-नोकर नाते वादातीत असेल, तरच या कायद्याखाली तक्रार चालेल. नात्यावरच वाद असेल, तर आधी तो दुसरीकडे सोडवून या. म्हणजे मालकाने पहिल्याच पानावर ‘हा माझा नोकर नाही’ असे लिहून ठेवले, की नोकराची पाच-सात वर्षे ‘मी नोकर आहे’ हे सिद्ध करण्यात जातात. तोवर तो पोरगा एअरलाइनमध्ये कॅप्टन झालेला असतो किंवा पेट्रोल पंप चालवत असतो.

दुसरा अडथळा जास्त विचित्र. समजा नोकर आहे हे मान्य झाले. पण तो ‘कामगार’ आहे का? वैमानिकाचे काम कसबाचे, तांत्रिक, हातांनी करायचे, म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालांत वैमानिकाला कामगार मानले गेले आहे. शिक्षकाचे मात्र उलटे. गोव्यातल्या एका शाळेने १९७५ मध्ये सुंदरांबळ या शिक्षिकेला काढून टाकले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८८ मध्ये निकाल लागला. शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक कामगार नाही, ज्ञानदान हे उदात्त कार्य आहे. उदात्त म्हटल्यामुळे त्या बाईंची नोकरी परत मिळाली नाही. आपल्या राज्यात खासगी शाळांतल्या शिक्षकांना १९७७ च्या सेवाशर्ती कायद्याचे आणि शाळा न्यायाधिकरणाचे संरक्षण आहे. ते मान्यताप्राप्त शाळांना लागू आहे. उड्डाणशाळेला मान्यता डीजीसीएची, शिक्षण खात्याची नव्हे.

म्हणजे हा उजव्या सीटवरचा माणूस हातात दांडा धरतो तेव्हा वैमानिक, तोंड उघडतो तेव्हा शिक्षक. कामगार न्यायालयात मालकाचा वकील म्हणणार, तो शिक्षक आहे. शाळा न्यायाधिकरणात गेला तर म्हणणार, ही शाळाच नाही. वर तिसरा मुद्दा, तो सहायकांवर देखरेख करतो, म्हणून पर्यवेक्षक. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत पर्यवेक्षकाची पगारमर्यादा १८,००० केली आहे. तिच्या वरचा पर्यवेक्षक बाहेर. आजच्या बाजारात १८,०००! माझे मत विचाराल तर या माणसाचा प्रत्येक तास विमान चालवण्याचाही असतो. विद्यार्थ्याने चूक केली की तिसऱ्या सेकंदाला ते विमान त्याने सावरायचे असते. व्याकरण शिकवणाऱ्या मास्तरांवर ही पाळी येत नाही. त्याला सुंदरांबळच्या निकालाखाली झाकणे चुकीचे आहे. पण ते ठरवायला असे प्रकरण न्यायालयासमोर उभे राहायला हवे.

मास्तरांचा विषय निघाला म्हणून एक आठवण करून देतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ पासून सहा वर्षे मास्तरकी करणारे साने गुरुजी पुढे त्याच गावातल्या आणि इथल्या धुळ्यातल्या गिरणी कामगारांमध्ये उभे राहिले. १९३८ मध्ये अमळनेरहून त्यांनी ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. खान्देशच्या कामगाराला एकजुटीचा धडा एका शिक्षकाने दिला. कायद्याच्या लेखी मात्र शिक्षक कामगार नाही.

आता युनियन. वैमानिकांच्या संघटना नाहीत असे नाही, चांगल्या खमक्या आहेत. १९३१ मध्ये अमेरिकेत डेव्ह बेहन्के यांनी वैमानिकांची संघटना बांधली ती चोरून. सभासदांची नावे मालकांना कळली तर नोकरी जाणार, म्हणून. पुढच्याच वर्षी शिकागोच्या सेंच्युरी एअरलाइन्सने पगार कापले आणि वैमानिकांना दाराबाहेर ठेवले. ती लढाई संघटनेने लढली, आणि १९३४ मध्ये महिन्याला कमाल ८५ तास उड्डाण ही मर्यादा पदरात पाडून घेतली. आपल्याकडे एअर इंडियात पायलट्स गिल्ड, इंडियन एअरलाइन्समध्ये कमर्शियल पायलट्स असोसिएशन. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ नोंदवली. कंपनीने दोघांना काढले. सप्टेंबरात शेकडो वैमानिक एकाच वेळी ‘आजारी’ पडले आणि पाच दिवसांत तडजोड होऊन काढलेले परत कामावर आले. कंपनी खासगी, मालक बलाढ्य, तरी जमले. उलट उदाहरणही आहे. २०११ चा दहा दिवसांचा आणि २०१२ चा जवळपास दोन महिन्यांचा संप एअर इंडियात झाला, दोन्ही वेळा संघटनेची मान्यता काढून घेतली गेली. तरी थकव्याच्या आणि विश्रांतीच्या नियमांवरून हेच लोक दिल्ली उच्च न्यायालयात लढत राहिले, आणि आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नियम २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा तुम्ही टीव्हीवर विमानतळांवरची गर्दी पाहिली. नियम येणार हे दोन वर्षे माहीत असून माणसे भरली नव्हती.

या सगळ्या संघटनांत उड्डाणशाळेतला प्रशिक्षक कुठे आहे? बहुतांशी नाही. संघटना एअरलाइनच्या नावावर बांधलेल्या आहेत. सभासद व्हायचे तर आधी त्या एअरलाइनचा नोकर व्हावे लागते. आणि प्रशिक्षकालाही इथे कायम राहायचे नसते. आठ-दहा जणांच्या शाळेत कायद्याला लागणारे सात सभासद जमवायचे, तर त्यातले पाच जण पुढच्या मुलाखतीची वाट बघत असतात. त्यांना भीती वेगळीच असते. वैमानिकांचे जग लहान आहे. एका शाळेचा मुख्य प्रशिक्षक दुसऱ्या ठिकाणच्या कॅप्टनला ओळखतो. ‘तो कटकट्या आहे’ हे एक वाक्य फोनवर गेले की पुरे. मालकाला काढून टाकायचीही गरज पडत नाही.

डीजीसीएकडे जावे, तर तिथली भूमिका सोयीप्रमाणे बदलते. २०१७ मध्ये याच महासंचालनालयाने नियम काढला की कॅप्टनने नोकरी सोडण्याआधी एक वर्षाची आणि सहवैमानिकाने सहा महिन्यांची नोटीस द्यावी. म्हणजे नोकरीच्या करारातली मालकाच्या सोयीची अट सरकारी नियम म्हणून आली. आणि २०२३ मध्ये अकासा एअरचे ४३ वैमानिक नोटीस न देता गेले, कंपनी न्यायालयात गेली, तेव्हा डीजीसीएने दिल्ली उच्च न्यायालयाला सांगितले की नोकरीच्या करारांत आम्हाला हस्तक्षेप करता येत नाही. या दोन भूमिका एकत्र कशा नांदतात, हे मला अजून उमगलेले नाही. २०२५ मध्ये त्यांनी उड्डाणशाळांची पहिली प्रतवारी जाहीर केली. ३५ शाळांपैकी वरच्या दोन श्रेणींत एकही नाही, १३ ‘ब’मध्ये, २२ ‘क’मध्ये. गुण कशाला? कामगिरीला, सुरक्षेला, नियमपालनाला, विद्यार्थ्यांच्या सोयीला. प्रशिक्षक किती महिन्यांत सोडून जातात, पगार तासावर की महिन्यावर, मूळ कागद कुणाच्या कपाटात, याचा रकाना नाही. विद्यार्थ्याला शाळा निवडताना खरा उपयोग याच माहितीचा झाला असता.

पगाराचा आणि सुरक्षेचा संबंध मी ओढूनताणून जोडतो आहे असे कुणाला वाटेल. १२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचे विमान पडून ५० माणसे गेली. चौकशीत थकवा निघाला, आणि हेही निघाले की सहवैमानिक तरुणी रात्रभर प्रवास करून सिॲटलहून नेवार्कला कामावर आली होती. तिथे घर घेण्याएवढा तिचा पगार नव्हता. त्या अपघातानंतर एअरलाइनच्या वैमानिकासाठी १,५०० तासांची अट आली, आणि तिचा परिणाम असा की तिथली बरीच तरुण मंडळी ते तास भरायला उड्डाणशाळांत कमी पैशात शिकवू लागली. एका ठिकाणचे दुखणे दुसऱ्या ठिकाणी सरकले.

आपल्या डोळ्यांसमोरचे घ्या. १६ जुलै २०२१ रोजी चोपडा तालुक्यात वर्डी शिवारात, सातपुड्याच्या कुशीत, शिरपूरच्या अकादमीचे विमान कोसळले. प्रशिक्षक जागीच गेला, शिकणारी मुलगी गंभीर जखमी झाली. गाडी जाईल अशी वाट नव्हती. आदिवासींनी झोळी करून तिला खांद्यावरून खाली आणले, त्या झोळीसाठी एका बाईने अंगावरची साडी सोडून दिली. मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसीहून निघालेले विमान बालाघाटच्या डोंगरात पडले, प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीला चार दिवसांत दोन अपघात झाले आणि डीजीसीएने त्या शाळेचे प्रशिक्षण थांबवले. या अपघातांचे कारण नोकरीच्या अटी होत्या, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पण अपघाताच्या चौकशीचे नियमच असे आहेत की तिचा हेतू पुढचा अपघात टाळणे एवढाच. मग त्या चौकशीत हवामान बघतात, इंजिन बघतात, वैमानिकाचे निर्णय बघतात, तर त्या वैमानिकाला ‘नको’ म्हणण्याची किती मुभा होती, हेही बघायला काय हरकत आहे?

आणि सहीचे काय? लॉगबुकातल्या प्रत्येक तासाखाली कुणाची तरी सही असते. २०११ मध्ये राजस्थानातल्या सरकारी उड्डाणशाळेत न उडताच भरलेल्या तासांचे प्रकरण निघाले, अटका झाल्या. तेव्हा सगळ्यांनी विद्यार्थ्यांकडे बोट दाखवले. ज्याची नोकरी आजच्या आज जाऊ शकते आणि गुणपत्रिका मालकाच्या कपाटात आहे, त्याच्यावर सही करण्यासाठी किती दाब येऊ शकतो, ते कुणी विचारले नाही. गोंदूरवरून उडालेला मुलगा उद्या १८० माणसे घेऊन पुण्यात उतरणार आहे, त्याच्या पहिल्या २०० तासांची ग्वाही हा माणूस देतो.

काय करता येईल, त्याबद्दल मोठी योजना माझ्याकडे नाही. एअरलाइनच्या वैमानिक संघटनांनी प्रशिक्षकांना सभासद करून घ्यावे. उद्याचे सगळे सभासद याच शाळांतून येतात. डीजीसीएला करारात पडायचे नसेल तर पडू नये, पण प्रतवारीत तो एक रकाना घालावा. विमानतळ प्राधिकरण जागा देते, तेव्हा जागेच्या करारातच मूळ कागद अडकवून ठेवू नयेत आणि महिन्याचा किमान पगार हवामानावर अवलंबून नसावा, या दोन अटी घालता येतात. जळगावची जागा प्राधिकरणाचीच आहे.

आणि प्रकरण उभे राहिले पाहिजे. कामगार न्यायालय जळगावला आहे, धुळ्याला आहे. चौथ्या अनुसूचीची तक्रार घटनेपासून ९० दिवसांत करावी लागते. काढून टाकलेला पोरगा पहिले दोन महिने नव्या मुलाखतींत घालवतो, तिसऱ्यात बापाला सांगतो, चौथ्यात वकिलाकडे येतो. तेवढे उलटे झाले पाहिजे. समोर बसलेल्या तरुण वकिलांना माझे सांगणे आहे, असा कुणी आला तर ‘तू कामगार नाहीस’ हा आक्षेप येणार हे धरूनच तक्रार लिहा. पहिल्या पानावरच्या ‘सल्लागार’ला उत्तर म्हणून तिसऱ्या पानावरचा गणवेश, हजेरी आणि रजेची परवानगी मांडा. अंतरिम आदेशात सगळ्यात आधी मूळ गुणपत्रिका परत मागा. आणि या सभागृहात कुणाचा मुलगा, कुणाची भाची अशा नोकरीत असेल, तर करार घेऊन माझ्याकडे या. फी घेणार नाही. येताना झेरॉक्स आणा, मूळ कागद माझ्याकडेही ठेवू नका.